फॉल लावलेली साडी

मंगल, आधी मला त्या साडीचं सांग.

तू गेलीस त्या सकाळी उत्तमने माझ्या हातात आणून दिलेली ती जांभळी साडी. शेवटच्या साडीला कोण फॉल लावतं? दुकानातून आणायची, घडी मोडायची आणि नेसवायची, एवढंच तिचं काम. तिला चालायचं नसतं, पायऱ्या चढायच्या नसतात, काठ झिजायची भीती नसते. तरी तिला फॉल होता. पदराला पिकोही केलेला होता. मी तुझा नवरा असलो तरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकूनही आहे. हातात आलेली वस्तू उलटसुलट करून बघितल्याशिवाय माझ्याकडून पुढे सरकत नाही. रडत होतो, तरी बोटं काठावरून फिरलीच.

तुझा तेरावा व्हायचाय अजून. घरात पाहुण्यांची ये-जा आहे, आणि मी तुझ्या पिको-फॉलच्या मशीनच्या फळीवर कागद ठेवून तुझ्याशी भांडायला बसलोय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ज्यांची भांडणं मिटलेली असतात त्यांनी खुशाल बोलावं. आपलं कुठे मिटलं होतं?

माझ्या संशयी स्वभावाची तू जन्मभर टिंगल केलीस. "तुमच्या काट्यावर देव आला तरी तुमी म्हणताल, उतरा खाली, आदी रिकामं वजन घिऊ द्या." हसून हसून पाहुण्यांनाही सांगायचीस. ते काही खोटं नव्हतं. मोळीत दगड निघतात. भरल्या ट्रॉलीचं वजन होताना उसावर दोन गडी बसलेले असतात, आणि रिकाम्या ट्रॉलीचं करताना तेच गडी टपरीवर चहा पीत असतात. शेतकऱ्याला वाटतं कारखाना मारतो, कारखान्याला वाटतं शेतकरी मारतो, आणि दोघांनाही वाटतं की मधला कारकून दोन्हीकडून खातो. माझा सगळा जन्म अशा जागी गेला. घरी येऊन चपला काढल्या की भाबडं व्हायचं, हे मला कधी जमलं नाही.

पण त्याच संशयाने उत्तमचा पत्ता लागला, हेही खरं. एका वर्षी तुझ्या पिको मशीनची मोटार सारखी जळायला लागली होती. माजलगावच्या बसस्टँडमागे उत्तमचं जळलेल्या मोटारींच्या तारा नव्याने भरायचं दुकान. विहिरीवरच्या मोठाल्या मोटारी भरणारा माणूस तो, पण तुझी ती एवढीशी मोटार ठेवून घ्यायचा, आणि 'झाली का' हे बघायला तू दोनदा-तीनदा जाऊन यायचीस. जळलेल्या मोटारीला वास येतो, मंगल. अंगणात ठेवली तरी स्वयंपाकघरापर्यंत येतो. पुढच्या वेळी तू मोटार पिशवीत घातलीस तेव्हा मी पिशवीत नाक घातलं. तेलाचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता.

"मोटार जळली न्हाई," मी म्हणालो. "मंग तू कावून चाललीस?"

तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "त्याला भेटायला."

मेथीची जुडी आणायला चालल्यासारखं. तू रडशील, शपथा घेशील, माझ्याच अंगावर येशील, या सगळ्याची तयारी मी मनात करून ठेवली होती. खऱ्या उत्तराची तयारी केली नव्हती.

मी पिशवी भरून कारखान्याच्या खोलीवर राहायला गेलो. हंगाम चालू होता, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही. पण माजलगाव केवढं! तुझ्या माहेरी, युसूफ वडगावपर्यंत बातमी पोचली आणि तुझा भाऊ विष्णू थेट माझ्या खोलीवर आला. खाली मान घालून म्हणाला, "दाजी, तुमी म्हणताल तसं. मी घिऊन जातो तिला, पुन्यांदा तोंड दाखवणार न्हाई तुमाला." खरं तर मला हेच हवं होतं. आठवडाभर मी हेच घोकत होतो. आणि तोंडातून काय निघालं? "कुठं घिऊन जातोस? तिचं मशीन हाय हितं." विष्णू उठून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हंजी तुमी बी तसलेच. आमाला ती मेली आजपासून." आणि गेला. त्या दिवशी तुझं माहेर बंद झालं. त्याच्या नावाने तू किती रडलीस ते मी बघितलंय. मी गेलो असतो तर माझ्या नावाने तेवढी रडली असतीस का, असा संशय मी तेव्हाच घेतला होता. अजून सोडलेला नाही.

तू काट्यावर आलीस ती भर दुपारी. बाहेर ट्रॅक्टरची रांग, धूळ, पोरांच्या शिव्या, आणि तू डबा घेऊन खिडकीत उभी. तुला लाज कशी ती नव्हतीच.

"मला तुमी पायजेत," तू म्हणालीस. "तो बी पायजे. तो आल्यानं तुमचं माझ्यात काय कमी झालं, ते टाका तुमच्या ह्या काट्यावर आन् सांगा. कमी भरलं तर मी त्याला आज सोडते."

मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी डबा उघडला. धपाटे होते. उभ्या उभ्या एक खाल्ला आणि म्हणालो, "मीठ जास्त झालंय." तू म्हणालीस, "बगा. कमी काईच झालेलं न्हाई." मला हसू आलं, आणि हसू आल्याचा इतका राग आला की पुढच्या ट्रॉलीवाल्याला विनाकारण झापलं.

तरी मी परत यायला तो हंगाम संपावा लागला. आल्यावरही काही गोडीगुलाबी नव्हती. एकाच घरात दोन भाडेकरू राहावेत तसे राहिलो. मग हळूहळू बोलणं सुरू झालं, तेही भांडणातूनच. कधी ज्वारी निवडता निवडता, कधी तू मशीनवर आणि मी दारात, असं एकेक ठरत गेलं. जायच्या आधी सांगायचं. एकमेकांना शोधून काढायला लावायचं नाही. आणि जे तुला ते मला. मूल नव्हतं आपल्याला, लपवायचं होतं ते फक्त लोकांपासून. याला काही नाव असेल तर मला माहीत नाही. हल्लीची पोरं मोबाईलवर काय काय वाचतात, त्यात असेल. आपण त्याला 'गुरुवार' म्हणायचो, कारण तू गुरुवारी जायचीस. शेजारणींना वाटायचं तू दत्ताचा उपास धरतेस. एकीने तर तुला गाणगापूरचा अंगारा आणून दिला, आणि तू तो भक्तिभावाने कपाळाला लावलास. केवढी नाटकी होतीस गं!

संशय मात्र गेला नाही. आधी खोटं पकडायचं असायचं. आता तू सगळं आपणहून सांगायचीस आणि मला वाटायचं, जेवढं सांगितलं तेवढंच असेल का? तू हसत घरी आलीस की वाटायचं, तिकडची खुशी इकडे आणलीस. गप्प आलीस की वाटायचं, इकडे यायचं जिवावर आलं असेल. खरं बोलणाऱ्या माणसावर संशय घेणं लई दमवतं, कारण हाताला काही लागतच नाही. आणि मला मोकळीक दिलीस तीसुद्धा तुझी बाजू सावरायला दिलीस, असंच मी धरून चाललो होतो.

परळीच्या बाई आल्या तेव्हाही माझा तोच हिशेब होता. शाळेत शिकवायच्या, एकट्या होत्या, परळीच्या स्टेशनवर गाडी चुकल्यामुळे आमची ओळख झाली. मी तुला आधी सांगितलं, ठरल्याप्रमाणे. तू रागावशील अशी माझी आशा होती, खोटं कशाला बोलू. तू माझा शर्ट इस्त्री करून दिलास आणि म्हणालीस, "परळीला थर्मलच्या राखंची धूळ लई, पांढरं घालून जाऊ नका." मला इतकं लागलं ते! जाताना बसमध्ये विचार करत होतो, हिला मी नकोसाच झालोय, कोणी घेतला तर बरंच, असं तर नसेल?

मग त्यांची नांदेडला बदली झाली. त्यांनी मला नीट, चांगल्या शब्दांत सांगितलं की आता नको. मी घरी येऊन भिंतीला टेकून बसलो. तू एक शब्द टोमण्याचा बोलली नाहीस. "जाऊन या की नांदेडला," एवढंच म्हणालीस. मी म्हणालो, "नको म्हणली ती." तू म्हणालीस, "मंग रडा." आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसून कोणाच्या तरी साडीला फॉल लावत राहिलीस. मी दुसऱ्या बाईसाठी रडत होतो आणि माझी बायको सुईत दोरा ओवत मधूनच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. त्या दुपारी मला तुझ्याबद्दल कसलाच संशय आला नाही. आपल्या सगळ्या संसारात मी तुझ्यावर सगळ्यात जास्त जीव टाकला तो त्या दुपारी. हे तुला सांगायचं राहिलं. तुला कळलं असेल असं धरून चालायची माझी तयारी नाही.

आता आपल्या भांडणाकडे येतो. "त्याला एकदा पुढच्या दारानं जेवायला बोलवा," हे तुझं. "लोक काय म्हणतील," हे माझं. किती वर्षं घातली आपण त्या दोन वाक्यांत! उत्तम वाईट माणूस नव्हता, हे मलाही कळत होतं. रस्त्यात भेटला की स्कूटर थांबवून उतरायचा, बसल्या जागेवरून कधी बोलला नाही. पण तो घरात, माझ्या पाटाशेजारी, आणि गल्लीतून जाणाऱ्याने विचारलं 'पाहुणे कोण', तर मी काय म्हणायचं?

"लोकांना समदं ठावं हाय," तू म्हणायचीस. "तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलंय, ते लोकांना न्हाई, मला."

"बघू."

"तुमचं बघू म्हंजी कारखान्यानं दिलेली बिलाची तारीख, कदी यायचीच न्हाई."

मग तुझ्या पोटात ती गाठ निघाली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी आणि उत्तम आळीपाळीने बसायचो, दिवसा मी, मी घरी आलो की तो. एकदा मी वॉर्डात शिरत होतो तेव्हा नर्स त्याला विचारत होती, "तुम्ही पेशंटचे कोण?" उत्तम म्हणाला, "शेजारी." त्याचं घर आपल्यापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी पाण्याची बाटली घेऊन उगाच नळाकडे गेलो. परत आल्यावर तुझ्या कानाशी म्हणालो, "घरी गेलो की सांगतो सगळ्यांला. खरंच." तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर माझ्या ओळखीची होती. मोळीत दगड नाहीत अशी शपथ घेणाऱ्या ड्रायव्हरकडे मी तसं बघतो.

आपण घरी आलो, आणि मी कोणालाच काही सांगितलं नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस.

आणि त्या सकाळी तू गेलीस. सोनाआत्याने, माझ्या वडिलांच्या त्या थकलेल्या बहिणीने, बायकांना कामाला लावलं. तू सवाष्ण गेलेली, तेव्हा माहेरचं लुगडं हवं. मी विष्णूला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमी तिचं कवाच केलंय समदं." आणि ठेवून दिला. आत्या उंबऱ्यात बसून म्हणाली, "माहेरचं लुगडं न्हाई, तर अहेव बाईला न्यायची कशी? कुणी तरी भाऊ म्हणून उभा करा." अंगणात भावकी बसलेली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

तेवढ्यात फाटकाशी उत्तम. हातात पिशवी.

माझ्या डोक्यात पहिला विचार कोणता आला असेल? याला कसं कळलं? विष्णूचा नकार येऊन घोटभर पाणी पिण्याइतका वेळ झाला नव्हता, आणि हा साडी घेऊन हजर. मी पुढे झालो, पिशवी घेतली, साडी बाहेर काढली, आणि बोटांना फॉल लागला. टोकाशी कोपरा आत दुमडून आडवे टाके घातलेले. या गावात तसे टाके एकच बाई घालते. मी तिथेच तुझ्यावर असा चिडलो की रडू थांबलं. जायच्या आधी सांगायचं ठरलं होतं आपलं. तुम्ही दोघांनी मिळून मला न सांगता हे जुळवलं होतं.

"साडी कुणाकडून म्हणायची?" आत्याने विचारलं. तिची नजर अधू आहे, पण एवढीही नाही. "हे कोण? भाऊ का?"

उत्तमने खाली बघत मान हलवली. "व्हय. भाऊच म्हणा, आत्या."

किती सोपं होतं! त्याने स्वतःच म्हटलं होतं, मी नुसतं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. रीत झाली असती, भावकी बसून राहिली असती, तू वेळेवर निघाली असतीस. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने दाढी करताना गाल कापून घेतला होता आणि रक्त पुसायचं राहिलं होतं. तुझा भाऊ होऊन तो तुला शेवटची साडी देणार होता, आणि घरी जाऊन भाऊ म्हणूनच रडणार होता.

"भाऊ न्हाई, आत्या," मी म्हणालो. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "हे माहेरचं लुगडं न्हाई. मंगलचा माणूस हाय ह्यो. जसा मी, तसा ह्यो. त्यानं आणलंय, तेच नेसवा."

आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बरं," म्हणाली. "सरका मंग दारातून. बाईला उशीर हुतोय."

मागे काहीजण चपला शोधायला लागले होते. चुलतभावांपैकी दोघे निघून गेले, त्यांच्या पाठोपाठ आणखी काही. तेराव्यालाही येणार नाहीत, तसा निरोप आलाय. खांद्याला माणसं कमी पडली, तेव्हा पुढच्या बाजूला मी आणि तो होतो. त्याची उंची माझ्यापेक्षा जास्त, त्यामुळे तू माझ्याकडे कललेली होतीस.

राख सावडायला आम्ही सिंदफणा नदीवर गेलो, तेव्हा मी उत्तमला टपरीवर गाठला.

"फॉल कुणी लावला?"

"तिनंच. दवाखान्यात जायच्या आदी. साडी बी तिनंच निवडली. मला म्हणली, विष्णू यायचा न्हाई, तवा तू घिऊन जा."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

त्याने चहावर फुंकर मारली. "सांगितलं तर तुमी कुठून तरी एकादा भाऊ आणून उभा करताल म्हणली."

मला हसू आलं, कारण मी केलंच असतं. तुझ्या मावसभावाचं नावसुद्धा डोक्यात होतं.

"आन् फॉल कशाला?"

"ते मी बी विचारलं. काई बोलली न्हाई."

म्हणजे ते तुझ्याबरोबरच गेलं. मला बोटांनी कळावं म्हणून लावलास, की कोरी साडी दिसली की हात थांबत नाही म्हणून लावलास, याचा मी आता मरेपर्यंत संशय घेत राहणार. पण मला खरं विचारायचं होतं ते वेगळंच होतं. ते विचारायला मला आणखी एक चहा सांगावा लागला.

"मी अंगणात काय म्हणीन, त्याचं काय म्हणली हुती ती?"

उत्तमने कप खाली ठेवला. "जाऊ द्या, दादा."

"सांग."

"म्हणली, ते भाऊच म्हणतील. तू मान हलव. वाईट वाटून घिऊ नको. माणूस चांगला हाय, तेवढं एक त्यांच्यानं हुत न्हाई."

मंगल, मी आयुष्यभर तुझ्यावर संशय घेतला, आणि जाताना तू एकदाच माझ्यावर घेतलास. तू चुकलीस. मी भाऊ म्हटलं नाही गं. आत्याने ऐकलं, उत्तमने ऐकलं, भावकीने ऐकलं आणि उठून गेली. तू आतल्या खोलीत होतीस, दार उघडं होतं, आणि तेवढं तुला ऐकू आलं नाही.